पहिली क्रूझ : बुकिंगपासून बॅगा दाराबाहेर ठेवण्यापर्यंत

क्रूझला पहिल्यांदा निघालेली मंडळी बहुतेक वेळ कुठलं जहाज किती मोठं, त्यावर घसरगुंड्या किती, शो कुठले यातच घालवतात. सारखे क्रूझ करणारे लोक मात्र पहिला प्रश्न वेगळाच विचारतात. बोट कुठल्या बंदरातून सुटते, किती वाजता, आणि मधल्या गावांत धक्क्याला लागते का समुद्रातच उभी राहते? कारण जहाजावर चढल्यावर जेवण, झोप, करमणूक सगळं आपोआप मिळतं, तिथे फारसं काही चुकत नाही. घोळ होतात ते चढायच्या आधी आणि बंदरावर उतरल्यावर. म्हणून ह्या लेखात पण तयारीचा भाग मोठा आहे आणि जहाजावरच्या मजेचा छोटा, ती मजा तुम्हाला आपसूक सापडेल.

आधी रूट ठरवा

समुद्र आपल्याला मानवतो का हेच माहीत नसेल तर पहिली ट्रिप दोन-तीन रात्रींचीच घ्या. मुंबईहून कॉर्डेलिया ह्या भारतीय क्रूझ कंपनीची एम्प्रेस ही बोट जाते, कधी गोवा, कधी लक्षद्वीप, कधी नुसतं खोल समुद्रात जाऊन परत. जहाज १९९० सालचं आहे त्यामुळे केबिन लहान वाटतात, पण विमानाचा खर्च नाही, परदेशाचा व्हिसा नाही आणि बोट बॅलार्ड पिअरवरून सुटते, म्हणजे सीएसएमटीला उतरून टॅक्सीने पोचता येतं. पहिल्या अनुभवासाठी हे पुष्कळ आहे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा इकडच्या फेऱ्या नसतात. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत समुद्र बऱ्यापैकी शांत मिळतो. गोव्याची क्रूझ म्हणजे बोट मुरगाव बंदराला लागते, वास्कोला. तिथून पणजी किंवा कळंगुटला जाऊन यायचं तर ट्रॅफिकमध्ये एका बाजूला तास-दीड तास सहज जातो, त्यामुळे एका दिवसात अख्खा गोवा बघू असा बेत करू नका.

दुसरी पायरी सिंगापूर. तीन-चार रात्रींत पेनांग, पोर्ट क्लांग किंवा फुकेत होतं, पाणी शांत आणि खाण्याचे हाल नाहीत. तिथून सुटणाऱ्या गेन्टिंग ड्रीम ह्या जहाजावर तर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते. फक्त एक बघा, सिंगापूरला क्रूझची दोन वेगवेगळी टर्मिनल आहेत. मरीना बे क्रूझ सेंटर वेगळं (मेट्रोने मरीना साऊथ पिअरला उतरायचं) आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर वेगळं, ते विवोसिटी मॉलला लागून आहे. तिकिटावर कुठलं नाव आहे ते वाचूनच टॅक्सीत बसा.

युरोप आणि अलास्का एखादी छोटी ट्रिप झाल्यावर करा असं माझं मत आहे, पैसे जास्त आहेत म्हणून नाही तर तिथे बंदरांचा अभ्यास लागतो. ‘रोम’ लिहिलेलं असतं पण बोट लागते चिविताव्हेक्कियाला, तिथून रोम ७०-८० किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तिथून फ्लॉरेन्सला जायला दीड तास धरा, पिसा मात्र जवळ आहे. बार्सिलोनात उलट, बोटीतून उतरलं की थोड्या वेळात शहरात. ‘व्हेनिस’ लिहिलेलं असलं तरी २०२१ पासून मोठ्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून शहराजवळ यायला बंदी आहे, त्यामुळे बोट नक्की कुठे लागणार ते विचारा. ह्या गोष्टी बुकिंग करताना कोणी आपणहून सांगत नाही.

व्हिसा, आणि तो सुद्धा मल्टिपल

ह्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण इथे अडकलेले लोक थेट धक्क्यावरून परत गेलेत. नियम साधा आहे, बोट ज्या ज्या देशाला लागते त्या प्रत्येक देशाचा व्हिसा आपल्या पासपोर्टला लागतो का ते बघायचं, ‘आम्ही तिथे उतरणारच नाही, बोटीवरच बसू’ हे कारण बऱ्याचदा चालत नाही. आणि जिथून निघालो तिथेच परत यायचं असेल तर तो देश सोडून पुन्हा आत येणं होतं, म्हणजे मल्टिपल एंट्री पाहिजे. शेंगेनच्या (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) बाबतीत तर हमखास, इटलीहून निघालेली बोट मधे तुर्कीला किंवा मॉन्टेनेग्रोला जाऊन ग्रीसला आली की सिंगल एंट्री संपलेली असते.

अलास्काची गंमत अजून वेगळी. सिएटलहून निघून सिएटललाच परत येणारी क्रूझ पूर्ण अमेरिकेतलीच दिसते, पण अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे त्यानुसार परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजाला मधे एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून ही जहाजं व्हिक्टोरियाला थांबतात, आणि व्हिक्टोरिया कॅनडात! म्हणजे अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल आणि कॅनडाचा पण. अमेरिकेत मुलाकडे गेलेले आईबाबा तिथूनच अलास्का करतात, त्यांच्यासाठी मुलांनी हे तिकीट काढायच्या आधी बघावं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या मित्राचं ऐकून ठरवू नका, क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. पासपोर्टला ट्रिप संपल्यानंतर निदान सहा महिने बाकी पाहिजेत.

केबिन कुठली घ्यायची

चार प्रकार असतात, खिडकी नसलेली आतली, खिडकीवाली, बाल्कनीवाली आणि सूट. छोट्या ट्रिपला आतली बिनधास्त घ्या, झोपायलाच तर जायचंय, फक्त दिवा बंद केला की पूर्ण काळोख होतो म्हणून छोटा नाइट लॅम्प न्या, रात्री बाथरूमला उठणाऱ्या आजीआजोबांसाठी तर नक्कीच. अलास्काला मात्र पैसे साठवून बाल्कनी घ्या. ग्लेशिअर बे मध्ये बोट कुठे लागत नाही, दिवसभर बर्फाच्या कड्यांसमोरून हळूहळू फिरते, तेव्हा सगळे वरच्या डेकवर गर्दी करतात आणि तुम्ही शाल पांघरून आपल्याच बाल्कनीत.

प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची. मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर बोट सगळ्यात कमी हलते, पुढच्या टोकाला आणि वरती सगळ्यात जास्त. डेक प्लॅन म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा उघडा आणि आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री धडधड. वर केबिन, खाली पण केबिन, अशी जागा उत्तम. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त मिळते पण जागा कंपनी देईल ती, आईवडील बरोबर असतील तर हे करू नका. आणि लिफ्टपासून फार लांब नको, ह्या जहाजांचे कॉरिडॉर इतके लांब असतात की गुडघे दुखणाऱ्या माणसाला जेवणापर्यंत जाणं हाच व्यायाम होतो.

खरा खर्च

जाहिरातीतला आकडा माणशी असतो, आणि तोही दोघं एका केबिनमध्ये राहणार असं धरून. एकट्याने गेलात तर जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. तिसरा, चौथा माणूस त्याच केबिनमध्ये स्वस्तात येतो. ह्यावर पोर्ट टॅक्स, आणि मग टिप, जिला ग्रॅच्युइटी म्हणतात. ती बऱ्याच कंपन्यांत सक्तीने खात्यावर चढते, अमेरिकन जहाजांवर साधारण १६ ते २० डॉलर माणशी, दररोज, लहान मुलांची सुद्धा. चार जणांचं कुटुंब सात रात्री गेलं तर हाच आकडा पाचशे डॉलरच्या आसपास जातो, तेव्हा आधीच बजेटमध्ये धरा.

ते पैसे काढून टाका असं सांगणारे लोक भेटतील. काढू नका. केबिन साफ करणारा, ताट वाढणारा माणूस महिनोन् महिने घरापासून लांब असतो आणि त्याच्या कमाईचा मोठा भाग हाच आहे. ह्यात आपली कितीतरी माणसं असतात. गोव्यात तर बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात आणि पिढ्यान् पिढ्या घरं ह्याच्यावर उभी राहिलीत. छातीवरच्या बॅजवर नाव आणि देश लिहिलेला असतो, इंडिया दिसलं की मराठीत बोलून बघा, वास्कोचा नाहीतर वसईचा कोणीतरी निघतोच आणि दुसऱ्या दिवशी कधी कधी टेबलावर डाळभात येतो.

दारू, कोल्ड्रिंक, स्पेशल रेस्टॉरंट, स्पा, फोटो, वायफाय ह्याचे पैसे वेगळे. दारूचं पॅकेज बऱ्याच ठिकाणी केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, नवरा घेतो आणि बायको घेत नाही अशी घरं इथे फसतात. वायफाय लागणार असेल तर निघायच्या आधी ऑनलाइन घ्या, जहाजावर महाग पडतं. आणि बोट सुटायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, हे अगदी न विसरता, कारण जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन आपोआप त्याला चिकटतो आणि त्याचे दर साध्या रोमिंगमध्ये येत नाहीत. जहाजाचं ॲप मात्र इंटरनेट न घेता पण चालतं.

इन्शुरन्स घ्याच, क्रूझ कव्हर होतंय का ते पॉलिसीत वाचून. जहाजावर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, पण बिल परदेशी दराने होतं आणि माणसाला हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर न्यायची वेळ आली तर तो खर्च कुठल्याही मध्यमवर्गीय घराला झेपणारा नाही. गरोदर असाल तर बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांनंतर घेत नाहीत, तान्ह्या बाळाचं वय साधारण सहा महिने पूर्ण लागतं, लांब समुद्री प्रवासाला एक वर्ष.

बॅग भरताना

बॅगा दोन प्रकारच्या धरा. मोठी बॅग टर्मिनलवर हमालाकडे जाते आणि केबिनच्या दारात कधी कधी संध्याकाळी येते. म्हणून खांद्यावरच्या बॅगेत पासपोर्ट, व्हिसाचे प्रिंट, सगळी औषधं, चष्मा, चार्जर, एक कपड्यांचा जोड आणि मुलांचे पोहायचे कपडे. पहिल्या दुपारी पूल रिकामा असतो, आणि मुलं पाणी दिसल्यावर थांबत नाहीत.

इस्त्री, किटली, इंडक्शन, सर्ज प्रोटेक्टरवालं एक्स्टेन्शन बोर्ड हे काही नेऊ नका, आगीच्या भीतीने तपासणीत काढून घेतात. चहाचं प्रिमिक्स न्या, गरम पाणी बुफेत मिळतं. भिंती बहुतेक लोखंडी असतात, चुंबकाचे हूक नेले तर टोप्या, पर्स, ओले कपडे अडकवता येतात. खाकरा, लाडू, चकली पॅकबंद असेल तर सहसा चालतं पण बंदरावर उतरताना खाण्याचं काही घेऊन उतरू नका, विशेषतः फळं, काही देशांत दंड होतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी कंपनीला आधी कळवा, केबिनमधला फ्रिज बऱ्याचदा नुसता थंडावा देणारा असतो, पुरेसा गार नसतो. दवाखान्यात ठेवून घेतात किंवा वेगळा फ्रिज देतात, पण मागावा लागतो.

फॉर्मल नाइट आहे म्हणून सूट शिवायला पळू नका. साडी, कुर्ता-पायजमा, जॅकेट अगदी चालतं, पैठणी नेसून गेलेल्या बायकांचे फोटो तर लोक मागून घेतात. आणि एसी कडक असतो, एक स्वेटर सिंगापूरच्या उन्हात पण लागतो.

निघायचा दिवस

विमानाने जाणार असाल तर आदल्या दिवशीच त्या गावात पोचा. हे मी हात जोडून सांगतेय. फ्लाइट लेट झाली तर हॉटेल वाट बघतं, जहाज बघत नाही, आणि सुटायच्या तास-दीड तास आधी गेट बंद होतं. ऑनलाइन चेक-इन घरूनच करा, लवकरचा स्लॉट घ्या, दुपारी चढलात तर जेवण पण जहाजावरच होतं. तिकडे क्रेडिट कार्ड जोडतात आणि एक कार्ड मिळतं, तेच खोलीची चावी, तेच पाकीट, तेच ओळखपत्र. गळ्यात अडकवायची दोरी घरून न्या.

चढल्यावर पहिलं काम मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं त्याचा सराव. कंटाळवाणं वाटतं, पण मनापासून करा. १३ जानेवारी २०१२ ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चिविताव्हेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल तोवर झालेलंच नव्हतं, कारण तेव्हा चोवीस तासांच्या आत केलं तरी चालायचं. आता नियम बदललाय, बोट सुटायच्या आधी किंवा सुटता सुटता लगेच करावंच लागतं. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे इमर्जन्सी, तेव्हा आपल्या मस्टर स्टेशनला जायचं. बऱ्याच जहाजांवर आता अर्धं काम ॲपवर होतं, तरी एकदा आईबाबांना हाताला धरून जिन्याने ती जागा दाखवून आणा, आणीबाणीत लिफ्ट नसते.

त्याच संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये हेड वेटरला गाठा आणि शाकाहारी, जैन, अंडं चालतं का नाही, काय ते स्पष्ट सांगा. जैन जेवणाचं तर बुकिंगच्या वेळीच कळवायचं असतं. आशियातल्या जहाजांवर भाजीत पण फिश सॉस असू शकतो, त्यामुळे ‘नो मीट’ एवढं पुरत नाही. रोज एक दिवस आधी सांगितलंत तर पोळी, डाळ, एखादी भाजी बनवून देतात. उपास असेल तर फळं, दही, उकडलेले बटाटे बुफेत सहज मिळतात.

बोट लागली, म्हणजे मळमळलं तर

मोठ्या जहाजांना स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे बरेचदा हलतंय हेच कळत नाही. तरी ज्यांना घाटात एसटीत मळमळतं त्यांनी तयारीने जावं. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरला विचारून न्या, आणि ती मळमळायला लागल्यावर नाही, आधी घ्यायची असते. आलेपाकाची वडी खिशात ठेवा, रिकाम्या पोटी राहू नका, कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद खा. त्रास झाला की लोक केबिनमध्ये जाऊन फोन बघत पडतात, त्याने वाढतो. डेकवर मोकळ्या हवेत या, मधल्या भागात बसा आणि क्षितिजाकडे बघत राहा.

पोटाचा दुसरा त्रास म्हणजे नोरोव्हायरस. बुफेच्या दारात सॅनिटायझर असतो, पण ह्या व्हायरसवर तो नीट चालत नाही, साबणाने हात धुवा, मुलांना प्रत्येक वेळी धुवायला लावा.

बंदरावर

बंदरात दोन पर्याय. कंपनीची टूर महाग असते पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः फिरलात तर स्वस्त आणि मोकळं, पण जबाबदारी तुमची. माझं गणित असं आहे, गाव बंदराला लागून असेल तर स्वतः फिरायचं, तासाभराच्या वर प्रवास असेल तर पहिल्या खेपेला कंपनीची टूर घ्यायची. रोमला ट्रेनने जाऊन येणारे खूप आहेत आणि ते करता येतं, पण मधे संप, उशीर काहीही होऊ शकतं.

आता घड्याळ. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एक, पण थायलंड एक तास मागे. फुकेतला उतरल्यावर फोन आपोआप तिथली वेळ दाखवतो आणि जहाज सिंगापूरच्याच वेळेवर चालत असेल, तर फोनमध्ये चार वाजलेत म्हणेपर्यंत जहाजावर पाच वाजलेले असतात! साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि त्यालाच माना. आमच्या बरोबरच्या एका कुटुंबाने फोन बघून निवांत खरेदी केली आणि शेवटी आजोबांना मधे धरून धक्क्यावर पळत आले, वरच्या डेकवरून लोक टाळ्या वाजवत होते पण त्या आजोबांचा चेहरा बघवत नव्हता. ‘ऑल अबोर्ड’ची वेळ सुटायच्या अर्धा-एक तास आधीची असते, तुम्ही त्याच्याही तासभर आधी या. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत पोर्ट एजंटचा, म्हणजे बंदरावर जहाजाचं काम बघणाऱ्या माणसाचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. खरंच राहिलात तर तोच माणूस मदत करतो.

काही ठिकाणी धक्काच नसतो, मग जहाज समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, ह्याला टेंडर म्हणतात. लक्षद्वीपला असंच उतरावं लागतं, सॅन्टोरिनीला पण. लाटा जास्त असतील तर उतरणं रद्द होतं आणि त्यात कोणाचा दोष नसतो. व्हीलचेअरवाल्यांना काही ठिकाणी टेंडरमध्ये घेत नाहीत. सॅन्टोरिनीला तर बोटीतून उतरल्यावर गाव कड्याच्या वर, केबल कारला लांब रांग नाहीतर पाचशेच्या वर पायऱ्या. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तिथे कंपनीची अशी टूर घ्यावी जी बसने वर नेते, किंवा सरळ जहाजावर राहावं. बंदराच्या दिवशी जहाज रिकामं असतं, पूल रिकामा, बुफे रिकामा, आणि डेकवरून कड्यावरचं ते पांढरंशुभ्र गाव दिसतंच.

शेवटची रात्र

बिल शेवटच्या रात्रीच तपासा, सकाळी काउंटरवर तुफान रांग असते. मोठ्या बॅगांना रंगीत टॅग लावून रात्री दाराबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी थेट टर्मिनलवर मिळतात. त्यामुळे सकाळचे कपडे, चपला, औषधं आणि पासपोर्ट बाहेर काढलेत ना ते दोनदा बघा, नाइट ड्रेसवर उतरायची वेळ आलेले लोक दर ट्रिपला असतात. बॅगा स्वतः उचलता येत असतील तर ‘सेल्फ डिसएम्बार्क’ घ्या, सगळ्यात आधी सुटका. व्हीलचेअर हवी असेल तर आदल्या दिवशी नाव द्या. परतीचं विमान दुपारी एकच्या नंतरचं ठेवा, बोट सकाळी लागली तरी इमिग्रेशनला वेळ जातो.

घरी आल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, अंघोळ करताना डोळे मिटले की जास्तच. घाबरू नका, ते जातं. फक्त त्या दिवशी लगेच गाडी चालवत पुण्या-नाशिकला निघू नका, आणि आठवडाभरानंतर पण तसंच वाटत असेल तर कानाच्या डॉक्टरला दाखवा.